बोळिंजच्या विहिरी : जंतू, क्षार आणि जलशुद्धीचा इतिहास

उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदीचे मुख आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा तिहेरी खाऱ्या वेढ्यात वसईचा पश्चिम पट्टा वसला आहे. विरार, आगाशी व सोपारा यांच्या परिसरातील बोळिंज हे गाव याच पट्ट्यातील होय. येथील केळी, पानवेली व फुले यांची ख्याती जुनी. आगाशीची सुकेळी तर दूरवर परिचित आहेत. परंतु ही बागायत नदीच्या पाटावर नव्हे, तर विहिरी आणि बावखले यांच्यावर पोसली गेली. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचा उघडा जलाशय. पावसाळ्यात तो भरे, त्याचे पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरीस पुरवठा होई. बैल वा रेडा जुंपलेला रहाट जेवढे पाणी काढी, तेवढेच निघे. उपशाची मर्यादा कोणत्याही कायद्याने नव्हे, तर जनावराच्या थकव्याने ठरत असे.

या मर्यादेचे महत्त्व शास्त्राने पुढे उलगडले. डच अभियंता बाडोन घायबेन याने १८८९ च्या सुमारास आणि जर्मनीत हर्झबर्ग याने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले की, किनाऱ्यावरील गोडे पाणी हे जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली त्याची जाडी सुमारे चाळीस फूट असते. अर्थात वरची पातळी एक फूट उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू पाहते.

तथापि विहिरींच्या शुद्धीचा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला तो क्षारामुळे नव्हे, तर पटकीमुळे. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये पटकीचा संबंध पाण्याशी जोडला होता. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यास कलकत्त्याच्या एका तळ्यात तिचे जंतू आढळले. त्यानंतरच्या दशकात हँकिन या जंतुशास्त्रज्ञाने पोटॅशियम परमँगनेट विहिरीत टाकण्याचा उपाय पुरस्कारिला. पुढे त्याची जागा विरंजक चूर्णाने, म्हणजे ब्लीचिंग पावडरीने, घेतली. मुंबईत मात्र वेगळाच मार्ग अवलंबिला गेला. बेंटली याच्या १९११ च्या अहवालाने हिवतापाच्या डासांचे मूळ शहरातील विहिरींत दाखविले आणि अनेक विहिरी झाकल्या वा बुजविल्या गेल्या. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) येथील तलाव हाताशी असलेल्या शहरास हे परवडणारे होते. बोळिंजसारख्या गावास विहीर बुजवून जाणार कोठे?

खेड्यातील विहिरीस उपयुक्त अशी युक्ती नागपूरच्या संस्थेत सिद्ध झाली. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या पद्धतीत दोन मडकी एकात एक ठेवतात. आतील मडक्यात एक किलो विरंजक चूर्ण व दोन किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण असते. दोहोंना एकेक सेंटिमीटरचे छिद्र असते. बाहेरच्या मडक्याचे तोंड बांधून ती पाण्याखाली सुमारे एक मीटर सोडतात. सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याच्या आणि रोज चारशे लिटर उपशाच्या घरगुती विहिरीस हा क्लोरीन दोन ते तीन आठवडे पुरतो. कुंभाराकडील मडक्यातून साधलेली ही रसायनविद्या प्रयोगशाळेच्या इतिहासात उपेक्षित राहिली, हे आश्चर्य नव्हे काय? पुढे १९८२ मध्ये मांजा व त्यांचे सहकारी यांनी हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली सोपी बाटलीचाचणी प्रसिद्ध केली. तीत दूषित पाणी काळे पडते व ग्रामसेवकासही ते ओळखता येते.

जंतूंवरील हा विजय बराचसा खरा होता. परंतु त्यामुळे शुद्ध पाणी म्हणजे क्लोरीनयुक्त पाणी, असा समज रूढ झाला. क्लोरीन मीठ काढीत नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते, तर भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात इष्ट मर्यादा २५० आहे. म्हणजे विहिरीत समुद्राचे पाणी शेकडा दोन इतके जरी मिसळले, तरी त्यानेच ३८० मिलिग्रॅमची भर पडून मर्यादा ओलांडली जाते. यास मडके कामाचे नाही. उपसा कमी करणे आणि पावसाचे पाणी मुरविणे, हाच त्यावरील उपचार.

वसईत घडले ते नेमके उलट. रहाटाच्या जागी पंप आले. १९८० नंतरच्या वेगवान बांधकामांबरोबर विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि बावखले बुजविली जाऊ लागली. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठविला. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास निर्बंध घातला. कठीण खडकाच्या दख्खनात हे अंतर काहीसे सार्थ असेल. किनाऱ्यावरील तरंगत्या गोड्या थराला मात्र ते अपुरे ठरते, कारण तेथे प्रश्न दोन विहिरींमधील अंतराचा नसून संपूर्ण पट्ट्यातील एकूण उपशाचा असतो.

बोळिंज येथे म्हाडाने हजारो घरांची वसाहत उभारली, तेव्हा पाण्याची टंचाई हीच तिची मोठी अडचण ठरली. आता सूर्या प्रकल्पाचे पाणी या भागास मिळू लागले आहे. नळ आल्यावर विहीर पिण्यासाठी वापरली जात नाही आणि म्हणून तपासलीही जात नाही. शौचकुंडांचे झिरपणारे पाणी व नायट्रेट यांचा भार तिच्यावर पडतो, तो असा नोंदीविना. शिवाय दोन दोषांचे ऋतू वेगळे आहेत. जंतूंसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत, पहिल्या पावसानंतर घ्यावा आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा. क्षारासाठी साधी स्वच्छ बाटली चालते, पण नमुना मे महिन्याच्या अखेरीस, पाणी तळाला गेलेले असताना घ्यावा लागतो. एकाच तारखेस दोन्ही नमुने घेणारी तपासणी यांपैकी एका दोषाबाबत विहिरीस हमखास निर्दोष ठरविते.