वल्हांडणाच्या उंबरठ्यावरील ईस्टर

नाताळ हा ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वांत मोठा सण, असा समज शहरांतून सर्रास आढळतो. रोषणाई, केक आणि सुटी यांमुळे तो दृढ झाला असावा. वस्तुतः आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचा कणा ईस्टर आहे. ख्रिस्त मरणातून उठला नसेल तर विश्वास व्यर्थ ठरतो, असे पौलाने करिंथ येथील मंडळीला बजावले. मात्र या सणाचा अर्थ त्याच्यापाशीच थांबून उलगडत नाही. त्यासाठी यहुदी धर्मीयांच्या वल्हांडण सणाकडे जावे लागते.

वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. निर्गम या ग्रंथानुसार, मिसर देशात गुलामगिरीत असलेल्या इस्राएल लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि मृत्यू ती घरे ओलांडून पुढे गेला. पीठ फुगण्याइतकीही सवड नव्हती, म्हणून बेखमीर भाकर. दास्याच्या कडवट आठवणीसाठी कडू भाजी. आजही या रात्री घरातील लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे सुटकेची कथा सांगतात. ती पूर्वजांची नव्हे, आपलीच सुटका आहे असे प्रत्येकाने मानायचे असते. कोकणातील बेने इस्रायल समाजात या सणाचे जुने नाव आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्यावरून पडले होते. आंबवलेले वर्ज्य करण्याची आठवण त्या भांड्याने जपली.

येशू यरुशलेमला आला तो याच सणासाठी. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते त्याचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. योहान मात्र त्याचा मृत्यू आदल्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी झाल्याचे सांगतो. ही विसंगती मिटवण्याचा खटाटोप मला अनावश्यक वाटतो. वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये हा नियम योहान वधस्तंभाजवळ मुद्दाम आठवतो. येशूचा मृत्यू त्याला सुटकेच्या त्या रात्रीच्या भाषेतच सांगायचा आहे.

हे नाते ग्रीक, लॅटिन आणि पोर्तुगीज भाषांनी ‘पास्का’च्या रूपांत राखले, गोव्याच्या कोकणीतही ‘पास्कांचें फेस्त’ आहे. मराठीने इंग्रजीतून ‘ईस्टर’ उचलला आणि नावातला धागा तुटला. तिथीही दुरावल्या. आरंभी काही मंडळ्या यहुदी पंचांगाच्या चौदाव्या तिथीलाच हा सण पाळत. सन ३२५ च्या नायसिया परिषदेने तो सर्वत्र एकाच रविवारी, यहुदी गणनेवर न विसंबता पाळण्याचे ठरवले. यहुदी पंचांगात आपल्याप्रमाणेच अधिक मास असतो; त्यामुळे २०२४ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ३१ मार्चला आला, तर वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला.

पण प्रश्न केवळ पंचांगाचा नव्हता. त्या परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने धाडलेल्या पत्रात यहुद्यांशी काहीही समान असू नये, असा तिरस्कार व्यक्त झाला आहे. पुढे युरोपात पवित्र सप्ताह हा यहुदी वस्त्यांसाठी भयाचा काळ बनला. १९०३ साली किशिनेव्ह येथील कत्तल ईस्टरच्याच दिवशी सुरू झाली. सुटकेचा सण साजरा करणाऱ्यांनी, ज्यांच्याकडून तो घेतला त्यांनाच जीव मुठीत धरून लपायला लावले. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अवमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढले. येशूच्या मृत्यूचा दोष तत्कालीन सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. फार उशीर झाला होता.

विशेष म्हणजे उपासनेने हे नाते कधीच सोडले नव्हते. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये नव्या अग्नीवर मोठी मेणबत्ती पेटवली जाते आणि जुन्या करारातील उतारे वाचले जातात. वेळेअभावी त्यांतील काही गाळण्याची मुभा आहे; इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र पार केल्याचा उतारा मात्र गाळता येत नाही. तो वाचून झाल्यावरच रिकाम्या कबरीची वार्ता वाचली जाते.