न दुखणारी गाठ आणि किरणांचा शेक

श्रोतेहो, आमच्याकडे येणारे रुग्ण किरणोपचार हा शब्द क्वचितच वापरतात. ते म्हणतात, 'शेक'. "किती शेक घ्यावे लागतील, डॉक्टर?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. शेक म्हटले की तव्यावर गरम केलेले फडके आणि आईचा हात आठवतो. या किरणांची ऊब मात्र अंगाला जाणवत नाही. असाच एक शेक मी एका रुग्णाला वेळेवर दिला नाही, त्याची ही गोष्ट.

१९९०च्या सुमारास सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा माझ्याकडे आले. त्यांच्या गालावर वाटाण्याएवढी, लालसर-जांभळी गाठ झाली होती. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने कोणी लक्ष दिले नव्हते. सर्जनने ती काढली होती आणि तपासणीच्या अहवालात नाव होते 'मर्केल सेल कार्सिनोमा'. हे नाव मी वाचले होते, पण रुग्णाच्या कागदावर प्रथमच पाहत होतो. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या. मी म्हटले, "बाबा, शेकाची गरज नाही. दर महिन्याला दाखवून जा."

चौथ्या महिन्यात ते आले तेव्हा मानेत गाठी होत्या. मग शेक सुरू केला. तीन आठवड्यांत गाठी विरघळल्या. पण रोग तोवर यकृतात पोचला होता. त्यांच्या सुनेने मला विचारले, "डॉक्टर, शेकाने एवढा गुण येतो, तर तो आधीच का नाही दिलात?" त्या प्रश्नामुळे मी या आजाराच्या इतिहासात शिरलो.

किरण आणि त्वचा यांचे नाते जुने आहे. रॉन्टजेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. अवघ्या चार वर्षांत, १८९९ साली, स्टॉकहोममध्ये थोर स्टेनबेक या डॉक्टरने एका स्त्रीच्या नाकाच्या शेंड्यावरील कर्करोगावर ते वापरले आणि तिला गुण आला. त्वचेवरचा रोग डोळ्यांना दिसतो, तिथे पोचायला ताकदवान यंत्र लागत नाही. पण चटके सोसले तेही त्वचेनेच. मात्रा जास्त झाली की बऱ्या न होणाऱ्या जखमा होत.

यावर तोडगा पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधून आला, तोही मेंढ्यांमुळे. क्लोद रेगो यांना प्रयोगात दिसले, की मेंढ्याच्या वृषणावर एकाच वेळी भरपूर किरण सोडले तर कातडी जळते, तरी वीर्यनिर्मिती पुरती थांबत नाही. तेच किरण हप्त्याहप्त्याने दिले तर ती थांबते आणि कातडी वाचते. भराभर विभागणाऱ्या पेशी हप्त्यांपुढे हरतात, त्वचेला मात्र सावरायला वेळ मिळतो. आज आम्ही वीस-पंचवीस शेक देतो, त्याचे मूळ या विचारात आहे.

म्हणजे शस्त्र तयार होते. पण शत्रूला नावच नव्हते. १८७५ साली जर्मनीत फ्रीडरिश मर्केल यांनी त्वचेतील काही पेशींचे वर्णन केले. स्पर्श ओळखण्याचे काम त्या करतात, असे त्यांचे मत होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ साली, सिरिल टोकर यांनी पाच रुग्णांमधील एका वेगळ्याच कर्करोगाची नोंद केली. तो घामाच्या ग्रंथींतून येत असावा, असे त्यांना वाटले. १९७८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींत मर्केल पेशींसारखे कण दिसले आणि त्यावरून आजचे नाव आले. हा रोग खरोखर त्याच पेशींतून उगवतो का, याबद्दल आज शंका घेतली जाते. नाव मात्र टिकले.

नाव मिळाल्यावर अनुभव एकत्र होऊ लागले. कडा स्वच्छ असूनही रोग शेजारच्या त्वचेत आणि लसिकाग्रंथींत उलटत होता, कारण त्याच्या पेशी त्वचेतील बारीक लसवाहिन्यांतून आधीच पुढे सरकलेल्या असत. सुदैवाने याच पेशी किरणांना चटकन बळी पडत. गोरी कातडी आणि कडक ऊन असलेल्या ऑस्ट्रेलियात हा रोग अधिक दिसतो. तिथे १९९६ ते २००१ या काळात जास्त धोक्याच्या ५३ रुग्णांना ५० ग्रे मात्रा २५ हप्त्यांत आणि सोबत औषधे देण्यात आली. तीन वर्षांनंतर त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश जिवंत होते.

२०१२ साली फ्रान्समधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यातील ८३ रुग्णांची गाठ काढून सर्वांना त्या जागी शेक दिला गेला. त्यांतल्या एका गटाला जवळच्या ग्रंथींनाही दिला. या गटात ग्रंथींमध्ये रोग उलटला नाही. दुसऱ्या गटात तो सुमारे १७ टक्के रुग्णांत उलटला. चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि आयुष्य वाढल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही, हेही सांगायला हवे.

दरम्यान, २००८ साली युआन चँग, पॅट्रिक मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे तपासलेल्या दहापैकी आठ गाठींत एक नवा विषाणू सापडला. २०१७ साली शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळी वाट करून देणारे ॲव्हेलुमॅब हे औषध पसरलेल्या रोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. तरीही शेकाची जागा गेलेली नाही.

त्या सुनेने आज तोच प्रश्न विचारला, तर मी सांगेन : "ताई, या रोगाची पहिली नोंद होऊन तेव्हा जेमतेम अठरा वर्षे झाली होती. कडा स्वच्छ म्हणजे रोग गेला, असे मी समजलो. ती माझी चूक होती. आधी शेक दिला असता तर बाबा जगले असते, असे मी म्हणू शकत नाही. मानेतल्या गाठी बहुधा टळल्या असत्या."

श्रोतेहो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर किंवा हातावर एखादी गाठ भराभर वाढत असेल, तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' असे म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आजोबांची गाठही दुखत नव्हती.