शस्त्र न धरणाऱ्यांचा छापखाना

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या लढाया, तह आणि राज्यक्रांत्या. मग जे लढलेच नाहीत त्यांची बखर कोणी लिहावी? त्यांची त्यांनाच लिहावी लागते. युरोपातील ॲनाबाप्टिस्ट पंथाने ती लिहिली, छापली, आणि छापलेल्या कागदाचे पुढे काय होते हेही पाहिले.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिच शहरी काही माणसांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. अजाण बालकाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, श्रद्धा ही जाणत्या माणसाने आपखुशीने पत्करावयाची, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असे नाव ठेवले. १५२७ साली श्लाइटहाइम येथे जमून त्यांच्यातील काहींनी तलवार व शपथ ही दोन्ही वर्ज्य ठरविली. शपथ आणि शस्त्र यांवरच उभ्या असलेल्या त्या काळच्या राज्यव्यवस्थेला हे बंड वाटले यात नवल नाही. त्याच वर्षी फेलिक्स मान्झ याला झुरिचमध्येच लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर येथे याच पंथातील काहींनी शस्त्र उचलले आणि त्याचा शेवट भीषण झाला, हेही सांगितलेच पाहिजे. त्यानंतर विखुरलेल्यांना मेनो सिमन्स याने शांततेच्या वाटेवर सावरून धरले. त्याच्या नावावरून पुढे ‘मेनोनाइट’ हे नाव रूढ झाले.

या छळाची हकीकत डॉर्ड्रेख्टचा धर्मोपदेशक व्हान ब्राख्ट याने १६६० साली डच भाषेत एका प्रचंड ग्रंथात आणली. ‘हुतात्म्यांचा आरसा’ या नावाने तो ओळखला जातो. १६८५ च्या आवृत्तीत यान लाइकेन याने १०४ चित्रे कोरली. त्यांतील एक सर्वांत प्रसिद्ध आहे. १५६९ साली डिर्क विलेम्स बर्फावरून पळत असता त्याचा पाठलाग करणारा पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढले, आणि स्वतः पकडला जाऊन जाळला गेला.

आमच्याकडे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले. ग्रंथ टिकले, पण बाहेरच्या वाचकांना ते दीर्घकाळ दुर्लभ राहिले. मेनोनाइटांनी छपाईची वाट धरली. त्या वाटेलाही संकटे होतीच.

१७४५ साली पेनसिल्व्हेनियात युद्धाचे सावट पडले. आपली तरुण पिढी डगमगेल या चिंतेने तेथील मेनोनाइटांनी हॉलंडमधील बांधवांना लिहिले, की हा ग्रंथ जर्मन भाषेत छापण्यास साह्य करा. उत्तर लवकर येईना. तेव्हा त्यांनी जवळच्या एफ्राटा मठाकडे काम सोपविले. पीटर मिलर याने भाषांतर केले. मठाची स्वतःची कागदाची गिरणी होती. पंधरा माणसे तीन वर्षे खपली आणि १७४८-४९ मध्ये सुमारे पंधराशे पृष्ठांच्या ग्रंथाच्या १३०० प्रती निघाल्या.

त्या साऱ्याच खपल्या नाहीत. पुढे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. त्या काळी दारू व गोळी कागदात वळून काडतूस करीत आणि कागदाची तर टंचाई. सैनिक आले आणि शिल्लक राहिलेल्या, न बांधलेल्या फर्म्यांवर त्यांनी ताबा मिळविला. शत्रूलाही मारू नये हे शिकविणारी पाने काडतुसांच्या कामी आली. कागदाला स्वतःचे मत नसते, हा धडा याहून कठोरपणे कोणाला मिळाला असेल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु कागद दुसऱ्या कामीही येतो. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ साली, जॉन फंक याने युद्धाविरुद्ध पुस्तिका काढली. १८६४ साली त्याने शिकागो येथे ‘हेराल्ड ऑफ ट्रूथ’ हे मासिक आणि त्याचे जर्मन भावंड सुरू केले. १८६७ मध्ये छापखाना एल्कहार्टला गेला. हिंदुस्थानातील १८९७ च्या दुष्काळाच्या वेळी याच एल्कहार्टमध्ये मदत समिती उभी राहिली, आणि तिच्या वतीने जॉर्ज लँबर्ट मदतीचे वाटप पाहण्यास इकडे आला. त्याचे दुष्काळावरील पुस्तक १८९८ मध्ये तेथेच निघाले. १८९९ साली मेनोनाइट मिशनरी धमतरीस येऊन राहिले. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रांतातच हे गाव होते.

अलीकडच्या काळात उत्तर अमेरिकेतील या पंथांच्या संपादकांनी, लेखकांनी व नभोवाणी-चित्रपटांत काम करणाऱ्यांनी आपली व्यावसायिक संघटनाही उभारली. कोणत्याही धंद्याची संघटना कौशल्य वाढविते आणि एकमेकांस आधार देते. या मंडळींपुढे मात्र एक जुना प्रश्नही आहे: आपण छापलेले कोणाच्या हाती जाईल आणि कशासाठी वापरले जाईल? एफ्राटाच्या मुद्रकांना ते ठरविता आले नाही. त्यांनी आपल्या हाती होते तेवढे केले, म्हणजे काम चोख केले. लुटीतून वाचलेल्या प्रती वाचल्या गेल्या, जपल्या गेल्या आणि आजही ग्रंथालयांत आहेत. शस्त्र न धरता एक समाज जवळजवळ पाचशे वर्षे टिकला, त्यात या छापखान्यांचा वाटा लहान नाही.