पैलतीराचा कॅमेरा

व्हिडिओ म्हणजे सिनेमाचं धाकटं भावंड, असं आपण धरून चालतो. पण कूळ शोधायला गेलं तर तो आवाजाच्या घराण्यातला निघतो. सिनेमाची फीत उजेडाला धरली की सुटी सुटी चित्रं दिसतात. व्हिडिओच्या टेपची तपकिरी पट्टी कितीही निरखा, हाती काही लागत नाही. १९५६ साली अँपेक्स कंपनीनं पुढे आणलेला व्हिडिओ रेकॉर्डर ध्वनिमुद्रणाच्या चुंबकीय फितीवरच उभा होता. जुन्या टीव्हीत तर अख्खं चित्र असं कधी नसेच. एक झोत ओळीमागून ओळ आखत जाई, खालची ओळ उमटेपर्यंत वरची विझू लागलेली.

सतत विझणाऱ्या या माध्यमात बिल व्हायोला या अमेरिकन कलावंतानं मरणाचा विषय आणला. लहानपणी तो तळ्यात बुडता बुडता वाचला होता, आणि आठवण भीतीची नव्हती. तळाशी दिसलेल्या सुंदर उजेडाची होती. पाण्याखालची माणसं त्याच्या कामात जन्मभर येत राहिली, ती बहुधा तिथूनच.

१९९१ साली त्याची आई गेली. त्याच वर्षी धाकटा मुलगा झाला. पुढच्या वर्षी त्यानं ‘हेवन अँड अर्थ’ घडवलं: एक लाकडी खांब जमिनीतून वर आलेला, दुसरा छतातून उतरलेला, मधल्या चार बोटांच्या फटीत टीव्हीच्या दोन उघड्या काचा समोरासमोर. वरच्या काचेत शेवटच्या दिवसांतली आई, खालच्या काचेत तान्हं बाळ. काचच ती, त्यामुळे आजीच्या चेहऱ्यात नातू उमटतो आणि नातवाच्या चेहऱ्यात आजी. यात तांत्रिक करामत काहीच नाही, आणि मला ते म्हणूनच त्याच्या पुढच्या भव्य पडद्यांहून मोठं वाटतं.

भव्य कामांपैकी एकापुढे मात्र मी हरतो. २००७, व्हेनिस, सान गालो नावाचं लहानसं चर्च. तिथल्या तीन वेद्यांवर पडदे. ‘ओशन विदाऊट अ शोअर’साठी त्यानं दोन कॅमेरे आरशांच्या रचनेनं एका नजरेत जुळवले: एक पहाऱ्यासाठी वापरतात तसला जुना कृष्णधवल, दुसरा नवा हाय डेफिनिशन. मधे पाण्याची भिंत, इतकी नितळ की दिसतच नाही. अंधारातून कुणी चालत येतं, करडं, धूसर, आपल्याकडे टीव्हीवर ‘मुंग्या’ येत तसं. मग हात पुढे होतो, बोटं कशात तरी शिरतात, पाणी फुटतं, आणि त्या फुटीतून त्वचेचा रंग, भिजलेलं कापड, पापणीवरचा थेंब लख्ख बाहेर येतो. मेलेलं माणूस आपल्यात आलं.

म्हणजे ऐलतीर डिजिटल, आणि पैलतीर व्हायोलाच्या स्वतःच्या तरुणपणातल्या यंत्राचं.

आलेल्याला थांबता येत नाही. ते माणूस क्षणभर बघतं, वळतं, पुन्हा पाण्यात शिरतं. रंग अलीकडेच राहतो. पाठ करडी होत, मुंग्यांत विरत जाते.