देहधारण : निकेया ते रायतूर

प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्माचे रहस्य मराठीत सांगू लागले की आपल्यापुढे दोन शब्द उभे राहतात : 'अवतार' आणि 'देहधारण'. पहिला श्रोत्यांच्या नित्य परिचयाचा, दुसरा धर्मशिक्षणाने रूढ केलेला. पहिला टाळून दुसरा योजला म्हणजे सिद्धांत सुरक्षित राहतो, अशी आपली समजूत असते. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

अवतार म्हणजे उतरणे. कार्य संपले की अवतार समाप्त होतो आणि युगायुगांतून तो पुन्हा संभवतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार पुत्राचे मनुष्य होणे एकदाच घडले आणि ते कायमचे आहे. पुनरुत्थित प्रभू आपले मनुष्यत्व मागे ठेवून पित्याकडे गेला नाही. हा भेद आपण नेहमी सांगतो. परंतु 'धारण' या शब्दाचे काय? वस्त्र धारण करतात, मुकुट धारण करतात, वेष धारण करतात. आणि जे धारण केले ते उतरविताही येते. योहानाच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक क्रियापद 'होणे' या अर्थाचे आहे, पांघरण्याच्या अर्थाचे नव्हे. तेव्हा कोणताही शब्द आपणहून श्रद्धेचे रक्षण करीत नाही. त्यात कोणता अर्थ भरावयाचा, हे ख्रिस्तसभेला मोठ्या कष्टाने ठरवावे लागले.

ख्रिस्ताचे शरीर हा केवळ आभास होता, असे म्हणणारे लोक आरंभीच्या काळातच निघाले. ईश्वराला भूक, वेदना व मरण कसे स्पर्श करील, ही त्यांची अडचण. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याने दुसऱ्या बाजूने प्रश्न केला : जो जन्मला व दुःख भोगता झाला, तो पित्याच्या बरोबरीचा कसा असेल? त्याच्या मते पुत्र श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 325 मध्ये निकेया येथे धर्मसभा बोलाविली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय तेथे झाला. या घटनेस 2025 मध्ये सतराशे वर्षे पूर्ण झाली.

हा शब्दांचा खेळ होता काय? अथानासियसला तसे वाटले नाही. निकेयाला तो आपल्या बिशपांसमवेत उपदीक्षित म्हणून गेला होता. पुढे स्वतः बिशप झाल्यावर त्याला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. त्याचा मुद्दा तारणाचा होता. मनुष्याला मृत्यूतून सोडवून ईश्वराच्या जीवनात नेण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराचेच. आपल्याकडे आलेला जर ईश्वर नसेल, तर आपली भेट दूताशी झाली, धन्याशी नव्हे.

यानंतर लवकरच निकेयाच्याच एका कैवाऱ्याकडून उलट चूक झाली. लावदिकियाचा आपोलिनारियस म्हणू लागला की ख्रिस्ताला मानवी शरीर होते, पण मानवी बुद्धीच्या जागी ईश्वरी शब्दच होता. ग्रेगरी नाझियांझेन याने त्यास दिलेल्या उत्तराचा आशय असा, की जे त्याने स्वीकारले नाही ते बरेही झाले नाही. आपले भय, आपला मोह, आपले निर्णय ही सर्व मनातच घडतात. तेच त्याने वगळले असेल तर आपला मुख्य आजार तसाच राहिला. इ. स. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने हे मत नाकारले. इ. स. 451 मध्ये खाल्किदोनच्या सभेने पूर्ण ईश्वर व पूर्ण मनुष्य असा एकच ख्रिस्त घोषित केला. दोन स्वभावांत ना मिसळ, ना बदल, ना विभागणी, ना ताटातूट. पूर्वेकडील काही प्राचीन ख्रिस्तसभांना ही शब्दयोजना मान्य झाली नाही. परंतु 1973 मध्ये पोप पौल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी संयुक्त घोषणेत ख्रिस्ताच्या पूर्ण ईश्वरत्वाचा व पूर्ण मनुष्यत्वाचा एकमुखाने स्वीकार केला.

हीच श्रद्धा आपल्या भाषेत आली ती साष्टीतील रायतूर येथे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास पोहोचले आणि 1619 मध्ये त्यांचा देहान्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे काव्य 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. तारकाच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन, अशा अर्थाचे त्याचे पोर्तुगीज नाव होते. 'क्रिस्तपुराण' हे नाव पुढे रूढ झाले. ओवी, पुराणाची धाटणी, 'वैकुंठ'सारखे शब्द हे सर्व त्यांनी येथल्या लोकांकडून घेतले. एका परक्या मनुष्याने आपली भाषा पांघरली नाही. तो तिच्यात राहिला.

परंतु इतिहास अर्धा सांगू नये. त्याच साष्टीत 1567 मध्ये मंदिरांचा विध्वंस झाला होता. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. जो ईश्वर मनुष्यस्वभाव न मोडता तो पूर्णपणे आपला करतो, त्याच्या नावाने लोकांची श्रद्धास्थाने मोडली गेली आणि वाणीवर बंदी आली. खाल्किदोनचा सिद्धांत मुखाने म्हणणाऱ्यांनी कृतीने तो नाकारला, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. हुकुमाने भाषा मात्र मेली नाही. क्रिस्तपुराणाची हस्तलिखिते ख्रिस्ती घराण्यांनी जपली आणि 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरातून त्याची नवी आवृत्ती काढली.

आपण, जे गोव्यात, बेळगावात, इंदुरात वा हैदराबादेत इतर भाषांच्या शेजारी मराठीत प्रार्थना करतो, त्यांच्यापुढे यातून एक कसोटी उभी राहते. 'देहधारण' हा शब्द आपण अवश्य वापरावा, पण 'होणे' या अर्थाने. ज्या वस्तीत आपण सेवा करतो तेथील भाषा, भूक, आजार आणि अपमान आपण काही काळ अंगावर घेतो, की त्यांतले एक होतो? प्रभूने मनुष्यत्व उतरवून ठेवले नाही. त्याच्या सेवकांनाही लोकांना उतरवून ठेवण्याची मुभा नाही.