किल्लारीची घरे कोणत्या मापाने बांधली?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली आणि किल्लारी-सास्तूर परिसरातील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाने मारले असे आपण म्हणतो. मारले ते घराने. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचे जड थर. भिंतीचे दगड सुटले आणि सगळा भार खाली आला. हलक्या छपराच्या झोपड्यांनी त्यामानाने कमी माणसे मारली.

पुनर्वसनात काँक्रीट आले. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण आतली लोखंडी सळई घेते. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग पट्टे ओतले की भिंती एकमेकींना धरून राहतात. हे शास्त्र जात पाहत नाही.

शासनाने मात्र सातबारा पाहिला. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त जमीनवाल्याला ७५०. मोठ्या शेतकऱ्याला धान्य आणि अवजारे ठेवायला जागा लागते, असे समर्थन केले जाते. मग त्यासाठी कोठार बांधून द्यायचे होते. झोपायला लागणारी जागा एकरांवर ठरते की माणसांवर? मराठवाड्यात जमीन कोणाच्या नावावर नाही, हे आम्ही नव्याने सांगायला नको. सातबाऱ्याचे माप लावले की जातीचे माप आपोआप लागते.

आमच्यासाठी पक्क्या घराला आणखी एक अर्थ आहे. १९७८ च्या नामांतरविरोधी दंगलीत नांदेडसह मराठवाड्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. किल्लारीनंतर दोनच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एकीकडे पुनर्वसन आणि दुसरीकडे नामांतर. दोन्हीकडे मागणी समान माणूसपणाचीच होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढे कुठल्याही धरणग्रस्त, पूरग्रस्त वा भूकंपग्रस्त गावाचे पुनर्वसन होईल, तेव्हा घराचे क्षेत्रफळ कुटुंबातील माणसे मोजून ठरवा, जमीन मोजून नव्हे.

जय भीम!