मनोऱ्यापासून दिव्याच्या खांबापर्यंत

‘सेलफोन’ या शब्दातील सेल म्हणजे बॅटरीचा सेल, असा माझा अनेक वर्षे समज होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो क्षम्य मानावा. प्रत्यक्षात हा सेल म्हणजे भूप्रदेशाचा तुकडा, एका केंद्राच्या लहरी पोहोचतात तेवढा. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात प्रदेशाची अशी षटकोनी वाटणी सुचविली. वारंवारता दुर्मीळ असते. पण एका सेलमध्ये वापरलेली वारंवारता मधले काही सेल सोडून पुन्हा वापरता येते. सेल जितका लहान, तितका हा पुनर्वापर अधिक, आणि केंद्रांची संख्या व खर्चही अधिक. तंत्रज्ञानाच्या वेषातील हे अर्थशास्त्रच होय.

यातूनच सेलच्या जाती पडल्या. उंच मनोऱ्याचा मॅक्रो सेल कित्येक किलोमीटर व्यापतो. जीएसएम पद्धतीत त्याची सर्वसाधारण मर्यादा सुमारे 35 किलोमीटर. गजबजलेल्या रस्त्यासाठी मायक्रो, कार्यालयाच्या वा स्थानकाच्या आतील भागासाठी पिको, आणि एखाद्या बिऱ्हाडापुरता, ब्रॉडबँडच्या जोडणीवर चालणारा फेम्टो.

भारतात 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला फोन केला, तेव्हा सेवा महानगरांपुरतीच होती. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. गावाकडचा फोन घेताना आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी आधी घड्याळ पाहत असू. 2003 मध्ये ती आकारणी संपली. 1999 च्या धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली आणि कंपन्यांना श्वास घेता आला. तरीही विरळ वस्तीतला मॅक्रो सेल तोट्याचाच राहिला. सार्वत्रिक सेवा निधीतून भ्रमणध्वनीला अनुदान देण्यासाठी 2006 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. 2007 च्या योजनेत 500 जिल्ह्यांतील 7,871 ठिकाणे निवडली गेली, प्रत्येक मनोरा तीन कंपन्यांनी वाटून घ्यायचा, अशा बेताने. निकष होता 2,000 लोकसंख्येचा. डोंगरातल्या वाड्या-पाड्या त्यात बसणार कशा? त्यांच्यासाठी जुलै 2022 उजाडावा लागला. तेव्हा 24,680 सेवावंचित गावे आणि जुन्या पिढीच्या सेवेवर अडकलेली 6,279 गावे यांच्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर झाले. भागाकार केला तर गावामागे सरासरी 85 लाख. महाग खरे, पण मला ते अनाठायी वाटत नाहीत.

शहरात प्रश्न नेमका उलटा. 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. लोकांच्या भीतीला ते शासनाचे उत्तर होते. पण केंद्राची शक्ती उतरली की त्याचा सेल आक्रसतो आणि राहिलेली पोकळी भरण्यास आणखी केंद्रे लागतात. त्यांना गच्ची द्यायला मात्र वसाहती तयार नसत. आणि संभाषण तुटले म्हणून तक्रार करणारी माणसेही बहुधा त्याच वसाहतींतली! (आमची सरकारी वसाहतही याला अपवाद नव्हती.)

5जीच्या उच्च वारंवारतेच्या लहरी फार दूर जात नाहीत, भिंतींपुढे तर लवकर हतबल होतात. म्हणून लहान सेल अटळ ठरले. ऑगस्ट 2022 च्या नियमदुरुस्तीने ते दिव्याच्या खांबांवर बसविण्याची वाट मोकळी केली. शुल्क शहरात खांबामागे वर्षाला 300 रुपये, ग्रामीण भागात 150. त्याच वर्षी दूरसंचार नियामकाने भोपाळ शहर, दिल्ली विमानतळ, कांडला बंदर आणि बंगळुरूची मेट्रो येथे याचे प्रयोग करून पाहिले.

अशाच विषयावरील एका बैठकीला मी उपस्थित होतो. नकाशावर बोट ठेवून एका खांबाची मालकी विचारली गेली. दिवा पालिकेचा, खांब वीज कंपनीचा आणि पदपथ बांधकाम खात्याचा निघाला. चहा आला, आणि बैठक पुढील तारखेपर्यंत तहकूब झाली.